मीटरवरचा उजेड

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीच्या जन्माआधीचा आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढे एक फळी लावीत. तिलाच डॅशबोर्ड म्हणत. मोटार आली, घोडा गेला, परंतु फळी राहिली. आणि तिच्यावर एकामागून एक वेग, पेट्रोल, तेल दाखविणारी मीटरे येऊन बसली. दिवसा ती वाचणे सोपे. रात्री वाचायची कशी? आज एखादा हौशी तरुण बाजारातून एलईडी आणतो आणि एका दुपारात मीटरचा रंग बदलून टाकतो. त्याच्या या हौसेमागे त्या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, हे त्याच्या गावीही नसते.

अंधारात वाचता येणाऱ्या तबकडीची पहिली मोठी लाट आली ती रेडियमची. क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधले, आणि थोड्याच वर्षांत ते झिंक सल्फाइडमध्ये मिसळून आपोआप हिरवट चमकणारा रंग निघाला. घड्याळांच्या व विमानांतील यंत्रांच्या तबकड्या त्याने रंगवीत. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज या गावी १९१७ पासून तरुण मुली हे काम करीत होत्या. कुंचल्याला बारीक टोक यावे म्हणून तो ओठांत धरायचा, अशी त्यांना शिकवण असे. रंग निरुपद्रवी आहे, असेही सांगितले जाई. पुढे त्यांचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली. ग्रेस फ्रायर व तिच्या चार सोबतिणी यांनी युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनवर दावा लावला. १९२८ साली तडजोड झाली : प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख आणि वर्षाला ६०० डॉलर. ग्रेस १९३३ साली वारली. अंधारात आकडा दिसावा, एवढ्याशा सोयीची ही किंमत!

मोटारीत मात्र साधा विजेचा बल्बच पुष्कळ वर्षे टिकला. त्याचा उजेड पिवळसर. मग त्यावर हिरवी टोपी चढवायची किंवा तबकडीमागे रंगीत पापुद्रा लावायचा. १९६० साली क्रायस्लर कंपनीने आपल्या काही गाड्यांत बल्बच काढून टाकला आणि विजेने सबंध पृष्ठभागच उजळणारी तबकडी बसविली. पाहणारे थक्क झाले, पण ही करामत घरोघरच्या गाड्यांत काही पोहोचली नाही.

याच सुमारास दुसरीकडे एक इवलासा दिवा जन्म घेत होता. वास्तविक, स्फटिकातून वीज गेली की तो उजळतो, हे इंग्लंडच्या हेन्री राउंडने १९०७ सालीच पाहिले होते. पण डोळ्यांना दिसणारा, उपयोगी पडेल असा लाल एलईडी निक होलोन्याक याने जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९६२ साली केला. १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्डने पिवळा केला. हिरवाही मिळाला. अडले ते निळ्यापाशी. निळ्या प्रकाशाला ऊर्जा अधिक लागते. ती देणारे गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक काही केल्या वाढेनात. जपानमध्ये नागोया येथे इसामू आकासाकी व हिरोशी आमानो यांनी ते चिकाटीने साधले, आणि निचिया कंपनीच्या शूजी नाकामूरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी जगापुढे ठेवला. तिघांना मिळून २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मला या साऱ्या कथेत हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तोवर मीटरचा रंग माणूस निवडीत नव्हता, पदार्थ निवडीत होता. रेडियमचा रंग हिरवट म्हणून तबकडी हिरवट. बल्ब पिवळा म्हणून त्यावर पापुद्रा. निळा हाती आला आणि पहिल्यांदाच कोणालाही कोणताही रंग मागता येऊ लागला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फोक्सवॅगनच्या गाड्यांत निळे मीटर व लाल काटे आले, आणि पुष्कळांच्या डोळ्यांत तो निळा भरला.

माझ्या भाच्याच्याही भरला. "मामा, जुन्या गाडीचा मीटर निळा करून घेतो," म्हणाला. गाडी जुनी असेल तर काम फार कठीण नाही. मीटर उतरवायचा, मागचे बल्ब काढायचे, तिथे एलईडी बसवायचे. वीज त्यातून एकाच दिशेने जाते; पेटला नाही तर फिरवून बसवायचा. मात्र नारिंगी पापुद्र्यामागे निळा दिवा लावला तर जवळजवळ अंधारच मिळतो, कारण निळा उजेड तो पापुद्रा गिळून टाकतो. पापुद्रा आधी काढावा लागतो. काही जुन्या गाड्यांत बॅटरीच्या लाल दिव्यातून जाणारी वीजच आल्टरनेटरला जागा करते. तो दिवा बदलला तर बॅटरी चार्ज होईनाशी होण्याचा संभव असतो. आणि धोक्याचा लाल, सावधगिरीचा पिवळा, हेडलाइटच्या लांब झोताचा निळा ही जगभर ठरलेली खूण. तिला कोणी हात लावू नये.

आता डोळ्याचे. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने पाहिले, की दिवसा उठून दिसणारी लाल फुले संधिप्रकाशात काळवंडतात आणि निळा-हिरवा रंग उजळ वाटू लागतो. अंधाराला सरावलेला डोळा निळ्याला फार हळवा असतो. तो पुरता सरावण्यास अर्धा तासदेखील लागतो, आणि झगझगीत निळा दिवा ती कमाई क्षणात घालवितो. मंद लाल तितका उपद्रव देत नाही. मूळची विमाने बांधणाऱ्या स्वीडनच्या साब कंपनीने तर आपल्या मोटारींत असे बटण दिले होते, की ते दाबताच वेगाचे मीटर तेवढे उजळ राही आणि बाकीचे विझत.

म्हणून भाच्याला मी एवढेच म्हटले, "निळा कर, पण मंद करता येईल असा कर. गाडी रात्री घाटात नेऊन पाहा आणि मगच पसंत कर." मीटरवरचा दिवा डोळ्यांत भरला, की रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस नजरेतून सुटतो. एवढे ध्यानात ठेवावे आणि मग रंग खुशाल आपल्या आवडीचा निवडावा.