चौकातला लिलाव : मुंबईचा प्लेग आणि न कळण्याची किंमत

१८९७च्या प्रारंभी मुंबईच्या गिरणगावात रस्त्यांच्या कोपऱ्यांवर कामगारांसाठी बोली लागत होती. एका गिरणीचा माणूस एक दर सांगे, दुसऱ्या गिरणीचा त्यावर चढा दर लावी. कामगारांची अट एकच : मजुरी रोजच्या रोज हातात पडली पाहिजे.

काही महिन्यांपूर्वी हे कोणाला खरे वाटले नसते. गिरण्यांत पगार महिन्याने होई आणि तोही काही दिवसांचा मागे ठेवूनच. काम सोडून गेलेल्याचे ते पैसे बुडण्याची भीती असे, त्यामुळे अडकलेला पगार हेच कामगाराला बांधून ठेवणारे दावे होते. प्लेगने ते तोडले. उद्या आपण जिवंत असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो महिनाअखेरीच्या पगारावर विसंबून कसा राहील?

प्रारंभ सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत झाला. बंदराजवळचा हा भाग धान्याच्या वखारींचा, म्हणून उंदरांचाही. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तेथे गाठीच्या प्लेगचे निदान केले. ते मान्य करणे अनेकांना जड गेले, कारण प्लेगचे नाव निघताच परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला आणि प्रवाशांना दारे लावणार, हे व्यापारी जाणून होते. झालेही तसेच. १८९७मध्ये मुंबईहून हज यात्रेकरूंची जहाजे सोडणेसुद्धा बंद करण्यात आले.

आरोग्यविषयक अज्ञान म्हटले की बोट नेहमी सामान्य माणसाकडे वळते. मुंबईत मात्र ते वरपासून खालपर्यंत पसरलेले होते. प्लेगचा जंतू येरसँ या शास्त्रज्ञाने १८९४मध्येच हाँगकाँगमध्ये शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, याचे उत्तर सरकारजवळ नव्हते. दूषित हवा आणि घाण यांवरच अधिकाऱ्यांचा मुख्य रोख राहिला. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, अंथरूण-पांघरुणांची होळी झाली. गटारे धुतल्याने त्यांतले उंदीर उलट घराघरांत पांगले असावेत. या साऱ्यावर पैसा नगरपालिकेचा गेला आणि चीजवस्तू गरिबाची जळाली.

जनतेची समजूत वेगळ्या वाटेने गेली. इस्पितळात गेलेला माणूस सहसा परतत नाही, हे लोक डोळ्यांनी पाहत होते. रोगी अखेरच्या घटकेला आणला जातो म्हणून तो वाचत नाही, हे त्यांना कोणी नीट पटवून दिले नाही. मग इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी अफवा उठली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. सक्ती आधी आली, समजावणी मागाहून. लोक रोगी लपवू लागले, आणि ज्या घरातून रोगी नेला जाई त्या घरातल्या कमावत्यांचे काम व बिऱ्हाड दोन्ही धोक्यात येई.

उरला एकच मार्ग, गावाकडचा. १८९१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. फेब्रुवारी १८९७पर्यंत त्यांतील पावणेचार लाखांहून अधिक माणसे शहर सोडून गेली असा अंदाज आहे. रत्नागिरीकडच्या आगबोटी आणि घाटावरच्या गाड्या माणसांनी भरून जात होत्या. गिरण्यांत चाती होती, ती चालवणारे हात नव्हते. हलालखोरही निघून गेले तर शहराचे काय होईल, या चिंतेने नगरपालिकेला ग्रासले होते. चौकातला लिलाव याच टंचाईतून उभा राहिला. कामगार टिकावेत म्हणून काही मालकांनी गिरणीजवळ झोपड्या बांधून दिल्या.

या पळण्याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे मात्र अन्याय होईल. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी गावांत, उंदीर मरू लागले की घर सोडून रानात राहायचे, हा जुना रिवाज होता. १८९८मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो असे दाखवले, तेव्हा त्या रिवाजामागचे कारण उलगडले. त्यांचे म्हणणे सर्वमान्य होण्यास मात्र जवळजवळ एक दशक लागले. पुढे सरकारनेही घरे रिकामी करण्यावर भर दिला. अर्थात गर्दीने भरलेल्या आगबोटीतून गाठोड्यांसह पिसवाही प्रवास करीत होत्या, आणि साथ शहराबाहेर पसरली त्यात या पलायनाचा वाटा होता. पळण्यात शहाणपण होते, पण बरोबर काय नेऊ नये, हे सांगू शकेल असा माणूस तेव्हा सरकारातही नव्हता.

लसीचीही गत अशीच झाली. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच प्लेगची लस टोचून घेतली, तरी लोकांचा संशय फिटला नाही. १९०२मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले.

गिरणगावात रोजच्या मजुरीचे दिवस फार टिकले नाहीत. भीती ओसरू लागली, कामगार परतू लागले, तसे मालकांनी पगार मागे ठेवण्याची जुनी रीत पुन्हा लावायला घेतली. त्यावरून संप झाले. तरीही पुढे कित्येक वर्षे मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्यानेच आणि काही दिवसांचा मागे ठेवूनच मिळत राहिला.