‘घालीन लोटांगण’ची कुळकथा

गणेशोत्सवात आरत्यांचा गजर ओसरू लागला, की कोणी न सांगता सारे घर ज्या प्रार्थनेकडे वळते, ती ‘घालीन लोटांगण’ एकाच हातची रचना असावी असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः तिची पाच कडवी पाच निरनिराळ्या घराण्यांतून आलेली असून शरणागती हेच काय ते त्यांचे समान गोत्र होय.

पहिले कडवे तेवढे मराठी, आणि त्यावर नामदेवांची मुद्रा आहे. ईश्वरालाच माता, पिता, बंधू आणि सखा म्हणणारे दुसरे कडवे पांडवगीतेतील असून तेथे ते गांधारीच्या मुखी घातलेले आहे. जिचे शंभर पुत्र रणात पडले तिने सारी नाती एकाच ठायी जमा करावीत, यातील कारुण्य टाळ्यांच्या कल्लोळात सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या गीतेचे दुसरे नाव प्रपन्नगीता, म्हणजे शरण आलेल्यांची गीता.

तिसऱ्याची सनद सर्वांत भक्कम. भागवताच्या एकादश स्कंधातील दुसऱ्या अध्यायाचा हा 36वा श्लोक. नऊ योगेश्वरांपैकी कवी नामक योगी तो निमिराजाला सांगतो, आणि याच स्कंधावरील आपली टीका एकनाथांनी 1573 मध्ये काशीत पुरी केली. काया, वाचा, मन, इंद्रिये, बुद्धी यांच्या द्वारे मनुष्य जे जे करतो ते त्याने नारायणाला अर्पावे, असा मूळ श्लोकातला तृतीयपुरुषी विधी आहे. प्रार्थनेत मात्र क्रियापदे प्रथमपुरुषी झाली आणि राजाला केलेला उपदेश म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या नावचे दानपत्र ठरला. स्तोत्रपाठाअखेर केलेले कर्म देवाला वाहण्याची जी जुनी वहिवाट आहे, तिच्यातूनच हा फेरफार आरतीत उतरला असावा.

चौथे कडवे शंकराचार्यांच्या नावे असलेल्या अच्युताष्टकाचा पहिला श्लोक, आणि पाचवे म्हणजे तो सोळा नामांचा मंत्र, जो कलिसंतरण उपनिषदात ब्रह्मदेव नारदाला देतो.

ही जुळणी कोणी केली, त्याने कोठेही नाव मागे ठेवलेले नाही. पण तो केवळ संग्राहक नव्हता, हे मी निःशंकपणे म्हणेन. आधी देह जमिनीवर, मग नाती, मग कर्मे, आणि शेवटी नुसते नाम, हा क्रम योगायोगाने साधत नाही. तिसऱ्या कडव्यातील जोडाक्षरे तेवढी वाचकांनी यंदा घरच्या मुलांकडून एकदा संथपणे म्हणवून घ्यावीत.