पुण्यातील सेनापतींची स्मारके आणि भीमा कोरेगावच्या स्तंभावरील नावे

पुणे ही पेशव्यांची राजधानी. साहजिकच या शहरात सेनापतींच्या आठवणी जागोजागी आहेत. पण सेनापतीच्या हुकुमावर लढलेल्या शिपायाचे नाव कुठे वाचायला मिळते? हा प्रश्न घेऊन पुण्यातील स्मारके पाहिली, तर शहराबाहेरच्या भीमा कोरेगाव विजयस्तंभाचे वेगळेपण लक्षात येते.

शहरातील स्मारके

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला. तेथे थोरल्या बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. महादजी शिंदे यांचे निधन १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीत झाले. तेथील शिंदे छत्री ही त्यांची समाधी. दोन्ही ठिकाणी आठवण आहे ती सरदाराची. त्यांच्या फौजेतील हजारो माणसे तेथे निनावीच राहिली. घोरपडीजवळचे राष्ट्रीय युद्ध स्मारक मात्र नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि तेथे शहीद जवानांची नावे कोरलेली आहेत.

कोरेगावची लढाई

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टॉंटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. त्याच्यासोबत सुमारे ८०० सैनिक व दोन तोफा होत्या. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी दुसऱ्या बाजीरावाच्या सुमारे २८,००० फौजेशी त्यांची गाठ पडली. त्यांपैकी सुमारे दोन हजार जण प्रत्यक्ष गावात लढले. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले होते. दिवसभर पाण्यावाचून कंपनीचे शिपाई गाव लढवत राहिले. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीचे सुमारे २७५ जण ठार, जखमी वा बेपत्ता झाले.

दगडावरची नावे

कंपनी सरकारने १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर इंग्रजी व मराठी लेख आहेत आणि मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येते. त्या काळी महार पुरुषांच्या नावाची ही ओळख होती. ज्यांची सावलीही विटाळ मानली जात होती, त्यांची नावे दगडावर कोरली गेली, हे या स्तंभाचे खरे मोल आहे.

याच यादीत मराठा, राजपूत, मुस्लिम आणि बेने इस्रायली शिपायांचीही नावे आहेत. पेशव्यांकडूनही अरब व इतर समाजांचे सैनिक लढले. हे सांगितल्याने आपल्या पूर्वजांचे शौर्य कमी होत नाही, उलट इतिहास पक्का होतो.

इंग्रजांचे ऋण नव्हे

स्तंभ कंपनीने स्वतःच्या गौरवासाठी उभारला. त्याच इंग्रज सरकारने १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भरती पुन्हा खुली करण्याची मागणी सरकारकडे केली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभावर आले. परक्यांचे रणस्मारक स्वाभिमानाचे ठिकाण झाले, ते या चळवळीमुळे. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बोधचिन्हात हाच स्तंभ होता. पुढे याच रेजिमेंटचे जनरल के. व्ही. कृष्णराव व जनरल के. सुंदरजी भारताचे लष्करप्रमुख झाले.

भेट देताना

स्तंभ पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर पेरणे गावाच्या हद्दीत, पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. १ जानेवारीला लाखो अनुयायी मानवंदना देतात. २०१८ मध्ये त्या दिवशी हिंसाचार होऊन एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून बंदोबस्त मोठा असतो. गर्दीत नमन करून पुढे सरकावे लागते, यादी वाचायला सवड मिळत नाही. म्हणून वर्षातून आणखी एकदा, एखाद्या साध्या रविवारी, मुलांना घेऊन जावे. ‘नाक’ने संपणारी नावे त्यांना स्वतः शोधू द्यावीत. सेनापतींची नावे त्यांना शाळेत पाठ होतातच. या शिपायांची नावे घरातूनच सांगावी लागतील.

जयभीम.