एका गोठ्याची बखर

श्रीरामपूरला रेल्वेनं जायचं असेल तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. नवी मुंबईतलं बेलापूर नव्हे, हे वेगळं. दौंड-मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली, तेव्हा इथल्या स्टेशनला प्रवरेकाठच्या बेलापूर गावाचं नाव मिळालं. स्टेशनच्या आजूबाजूला जी वस्ती वाढत गेली ती 'बेलापूर रोड'. पुढे त्याचं श्रीरामपूर झालं, झहीर खानचं गाव म्हणून क्रिकेटवाल्यांना माहीत झालं, पण स्टेशन बेलापूरच राहिलं. २०२४ मध्ये जिल्ह्याचंही नाव बदलून अहिल्यानगर झालं. म्हणजे आमच्या भागाबद्दल जुन्या कागदांत काही शोधायचं तर आधी कुठल्या नावानं शोधायचं हेच ठरवावं लागतं. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर प्रायमरी की दोनदा बदललेली आहे.

हे सगळं आत्ता डोक्यात यायचं कारण असं की श्रीरामपूरजवळचा आमच्या घरचा गोठा दिवाळीनंतर पाडणार आहेत. तिथे प्लॉटिंग होणार. शेवटच्या गायी दोन वर्षांपूर्वीच गेल्या. पत्रे उतरवलेत, गव्हाणी तेवढ्या उरल्यात. यात रडण्यासारखं काही नाही, ज्यांनी तो चालवला त्यांनीच विचार करून घेतलेला निर्णय आहे. पण एवढी वर्षं चाललेल्या धंद्याचं मागे काय राहतं, हा प्रश्न मला पडला आणि गेले तीन-चार महिने मी शनिवार-रविवार त्यातच घालवतोय. हा लेख त्याबद्दल.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की दुधाचा धंदा मागे खुणा फार कमी ठेवतो. जमिनीचं तसं नाही. सातबारा आहे, आठ-अ आहे, फेरफार आहे. कोणाची जमीन कोणाकडे कधी गेली, विहीर कुठे, कुठल्या वर्षी ऊस आणि कुठल्या वर्षी बाजरी, हे सगळं सरकार दरबारी लिहिलेलं असतं. गायी मात्र सातबाऱ्यावर नसतात. १९१९ पासून पशुगणना होते, पण तिच्यात आकडे असतात, अमक्याच्या गोठ्यातली अमकी गाय नसते. आणि दूध तर काय, सकाळचं संध्याकाळी राहत नाही!

आमच्या भागात तर कागदांचं मोल लोकांना फार नीट माहीत आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहायला लागले आणि दुष्काळी माळावर ऊस आला. त्याच काळात हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला, टिळकनगरला डहाणूकरांचा. या खासगी कारखान्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या. मग १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आला, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं आणि त्या जमिनी महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक म्हणजे 'खंडकरी' पुढची कित्येक वर्षं भांडत राहिले. २०१२ नंतर जमिनी परत मिळायला लागल्या तोवर मूळ खंडकऱ्यांची नातवंडं म्हातारी व्हायला आली होती. अशा वेळी पणजोबांच्या नावाचा एखादा जुना उतारा पेटीच्या तळाशी असणं म्हणजे काय, हे श्रीरामपूर-राहात्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे आमच्या घरातही जमिनीचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ट्रंकेत आणि ट्रंकेला कुलूप. गोठ्याच्या वह्या मात्र माळ्यावर, पाट्या-फावड्यांबरोबर.

त्या वह्या हीच माझी खरी लॉटरी.

सगळ्यात जुनी आहे रतिबाची वही. स्टेशनाजवळच्या घरांना दूध घातलं जायचं त्याचा हिशोब. नवीन वाचकांसाठी सांगतो, रतीब म्हणजे दुधाचं सबस्क्रिप्शन. रोजचं ठरलेलं माप, महिन्याला पैसे, पाहुणे आले तर जादा, गावाला गेले तर खाडा. वहीच्या सुरुवातीला मापं शेर-पावशेरात आहेत आणि हिशोब रुपये-आणे-पैत. मध्येच आण्यांचे 'नये पैसे' होतात. ही तारीख पक्की सांगता येते, १ एप्रिल १९५७, त्या दिवशी देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नवे पैसे. आता सव्वासहा पैसे द्यायचे कसे? मग कुठे सहा, कुठे सात. शेराचं लिटर व्हायला आणखी काही वर्षं गेली. आपण ऑफिसात एखादं डेटा मायग्रेशन करताना किती मीटिंगा घेतो! इथे एका माणसानं दुधाच्या पातेल्याशेजारी बसून, पेन्सिलीनं, चालू गिऱ्हाइकं न तोडता ते केलंय.

यातून मी माझ्यापुरता एक नियम केला. मूळ नोंद बदलायची नाही. स्प्रेडशीटमध्ये एका रकान्यात वहीत आहे तसं, 'दीड शेर' तर 'दीड शेर', आणि शेजारच्या रकान्यात माझा अर्थ. कारण शेर सगळीकडे सारखा नव्हता, मुलखामुलखाप्रमाणे बदलायचा. मी आज उत्साहात सगळ्याचे लिटर करून ठेवले आणि मूळ खोडलं तर उद्या कोणाला माझा हिशोब तपासताच येणार नाही.

नंतरच्या वह्या वेगळ्या आहेत. रतीब कमी होत जातो, दूध डेअरीला जायला लागतं. ही गोष्ट फक्त आमच्या घरची नाही, अख्ख्या महाराष्ट्राची आहे. १९४९ मध्ये मुंबईसाठी आरे कॉलनी झाली, पुढे सरकारी दूध योजना आल्या, १९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झालं, गावोगावी सोसायट्या झाल्या. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला 'बाएफ'ची स्थापना केली आणि गायींच्या संकरीकरणाचं काम खेड्यांत पोचवलं. आमच्या शेजारच्या राहुरीला कृषी विद्यापीठात होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तिघींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार झाली. उसाचा पट्टा असल्यानं थंडीच्या दिवसांत वाढे मुबलक, त्यात घास आणि सरकीची पेंड, मग संकरित गाय परवडायला लागली. (नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नये हे मात्र सगळ्यांना ठाऊक. वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी पडतं. जुनी माणसं ऑक्झॅलेट म्हणत नसत, 'गाय ढासळती' म्हणत.)

आणि इथे वहीचा रकानाच बदलतो. आधी फक्त माप होतं. आता फॅट आणि एसएनएफ. दूध किती यापेक्षा दुधात काय, यावर भाव. आजही आमच्याकडे दूधवाले दोघे भेटले की 'साडेतीन-साडेआठला काय चाललंय?' असंच विचारतात. म्हणजे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला लिटरमागे काय दर आहे. रतिबाच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं होती, 'मास्तर', 'स्टेशनवाले', 'डॉक्टरीणबाई'. सोसायटीच्या कार्डावर नुसते दशांश चिन्हातले आकडे. प्रगती झाली हे खरंच, पैसा दर दहा दिवसांनी हातात येऊ लागला. पण दूध कोण पितंय हे त्या दिवसापासून आमच्या घराला कळेनासं झालं.

आता वह्यांमध्ये काय नाही त्याबद्दल. मला वाटतं खरा इतिहास इथे आहे.

सोसायटीचं सभासदत्व पुरुषाच्या नावावर. कार्ड त्यांचं, बिल त्यांचं, सह्या त्यांच्या. पण पहाटे चारला उठून शेण काढणं, धारा, वासरं पाजणं, चरव्या घासणं हे बायकांचं. त्यांची नावं एकाही वहीत नाहीत. म्हणून मी आत्याला गाठलं. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. मी फोनवर रेकॉर्डिंग लावून विचारलं, "आत्या, कुठली गाय कधी व्याली हे तुम्ही कुठं लिहून ठेवत होता का गं?" तर म्हणाली, "आरं, लिहायचं काय त्यात? घरातल्या पोरी कुणाच्या हे लिहून ठेवतो का आपण?" आणि मग तिनं न थांबता चंद्रीपासून सुरुवात करून सात पिढ्या सांगितल्या. चंद्रीची कपिली, कपिलीची तांबडी, तांबडीची पहिली संकरित कालवड...

आपल्या वंशावळी तुम्ही पाहिल्या असतील. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं मिळतात, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घराण्यांच्या नोंदी राखतात. तिथे मुख्य धागा बापापासून मुलाकडे. गोठ्याची वंशावळ बरोबर उलटी. आईपासून लेकीकडे. बाप आधी गावचा वळू, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला एकच, आणि कृत्रिम रेतन आल्यावर तर तो कांडीवरचा एक नंबर झाला. आत्याच्या डोक्यात तो नंबर नाही आणि डॉक्टरांच्या कार्डावर चंद्री नाही. दोन्ही टेबलं जोडायला आत्या हीच एक की आहे. आणि तिचा बॅकअप नाही.

तारखांचं काय करायचं, असा प्रश्न येतोच. म्हाताऱ्या माणसांना सन विचारला की ती गप्प होतात. 'बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर?' असं विचारलं की लगेच उत्तर येतं. पानशेत फुटलं १९६१, दुष्काळ १९७२, इंदिराबाई गेल्या १९८४. या खुंट्या ठोकून घेतल्या की त्यांच्यामध्ये गायी बरोबर बांधता येतात. अलीकडच्या खुंट्याही आहेत. १ जून २०१७ ला शेजारच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, दूध रस्त्यावर ओतलं गेलं. २०२२ मध्ये लम्पी आला.

वह्यांतली दुसरी गैरहजेरी जास्त अवघड आहे. कालवड झाली की वहीच्या समासात खूण असते. गोऱ्हा झाला तर काहीच नाही. आधी तसं नव्हतं. खिलार किंवा गावरान गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल, म्हणजे भांडवल. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नीट नाही, ऊन सोसत नाही, औताला कोणी घेत नाही, त्यात ट्रॅक्टर आले. मग ते जायचे कुठे? भाकड गायी कुठे जायच्या? हे मी विचारलं तेव्हा घरातले मोठे जरा चिडलेच. "हे कशाला लिहायचं? लोक काय म्हणतील?" आत्या फक्त एवढंच म्हणाली, "बाजारच्या दिवशी मी गोठ्यात जात नव्हते." हे वाक्य मी तिला विचारून, तिच्या शब्दांत, तारखेसकट लिहून ठेवलंय. त्यावर माझी टिप्पणी जोडलेली नाही.

तिसरं म्हणजे सालगडी. आमच्याकडे वर्षानुवर्षं एकच कुटुंब होतं. त्यांचं नाव वहीत सापडतं, पण फक्त 'उचल' या शब्दापुढे. एवढी उचल दिली, एवढी फिटली. त्यांची नातवंडं आज श्रीरामपुरातच आहेत. गोठ्याची बखर लिहायची तर त्यांच्या आठवणी आमच्या आठवणींएवढ्याच जागेवर यायला हव्यात, आणि त्या आमच्या घराबद्दल फार गोड असतील असं मी धरून चालत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? घराण्याच्या डेअरीचा इतिहास म्हटलं की चितळ्यांचं नाव घ्यावं. भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये भिलवडीला सुरू केलेला धंदा, १९५० मध्ये पुण्यातलं दुकान, आणि अलीकडे म्हशींच्या कानातले आरएफआयडी टॅग. खरंय. पण जे मोठे झाले त्यांचा इतिहास ब्रँडच जपतो. दोन-चार पिढ्या चालून शांतपणे बंद झालेले गोठे हजारोंनी आहेत आणि त्यांच्यासाठी हे काम कोणी करणार नाही. सगळे यशस्वी झालेलेच लिहिणार असतील तर दुधाचा धंदा म्हणजे हमखास यश असं पुढच्यांना वाटेल. आमच्या वह्यांत कर्ज आहे, पडलेला दर आहे, पडलेली गाय आहे. मुक्त संचार गोठा आणि मुरघासाचे व्हिडिओ पाहून नोकरी सोडायला निघालेल्या माझ्या दोन मित्रांना मी हीच पानं दाखवली.

आणि बघा, नोंदीला आता थेट किंमतही आहे. जनावरांच्या कानात बारा आकडी टॅग आले. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू केलं तेव्हा टॅग आणि ऑनलाइन नोंद असल्याशिवाय ते मिळत नव्हतं. म्हणजे आजच्या गायींचा इतिहास आपोआप लिहिला जातोय. फक्त त्यात चंद्रीसारखं नाव कुठे बसत नाही.

ज्यांना आपल्या घरी असं काही करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी माणसं, मग कागद. कागद अजून दहा वर्षं माळ्यावर टिकतील, माणसांचं सांगता येत नाही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि समोर कोण आहे ते बोला, फाइलचं नाव बदललं तरी ते राहतं. वहीचे फोटो कव्हरपासून काढा, कोरी पानंसुद्धा. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि एक प्रत छापून. आपल्या धंद्यात वीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज कोण उघडतो? सत्तर वर्षांपूर्वीची पेन्सिल मी चष्म्याशिवाय वाचतोय.

पुढच्या शनिवारी टेप घेऊन जाणार आहे. गव्हाणीची लांबी, दोन दाव्यांमधलं अंतर, शेणाच्या उताराची दिशा, सगळं मोजून कागदावर काढायचंय. आत्याला खुर्ची टाकून मध्ये बसवायची आणि कुठल्या दाव्याला कोण होती ते तिच्याकडून एकेक करून लिहून घ्यायचं. वीस दावी आहेत. दिवस पुरेल असं वाटतं.