धरण ‘वजा’ कसे होते?

टेंभुर्णीच्या परिसरात उन्हाळ्यात ‘धरण वजा पन्नासवर गेले’ असे सहज बोलले जाते. रिकाम्याहून रिकामे धरण असते का, असे वर्गात एखाद्या मुलाने विचारले, तर उत्तर ‘डॅम’ आणि ‘रेझर्व्हॉयर’ या दोन इंग्रजी शब्दांच्या फरकापाशी सुरू होते.

‘डॅम’ म्हणजे पाणी अडवणारा बांध. हा शब्द डच-जर्मन कुळातला. आम्स्टेल नदीवरच्या अशाच बांधावरून आम्स्टरडॅम हे नाव पडले. ‘रेझर्व्हॉयर’ फ्रेंचमधून सतराव्या शतकात इंग्रजीत आला. अर्थ, राखून ठेवण्याची जागा. व्याकरणातही दोघे वेगळे. ‘डॅम’ हे नाम आहे आणि ‘नदी अडवणे’ या अर्थी क्रियापदही. ‘रेझर्व्हॉयर’ एरवी नामच. पण तो पाण्यापुरता नाही. प्लेगचे जंतू रानातल्या उंदरांत टिकून राहतात, म्हणून वैद्यकात त्या उंदरांना प्लेगचे ‘रेझर्व्हॉयर’ म्हणतात. तेथे ‘डॅम’ चालणार नाही.

मराठीत ‘धरण’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. १९६१ साली पानशेतचे ‘धरण फुटले’, तेव्हा फुटला तो बांध. ‘धरण भरले’ म्हणतो, तेव्हा भरतो तो जलाशय. नावे देताना मात्र फरक पाळलेला दिसतो. भीमेवरचे १९८० साली पूर्ण झालेले धरण उजनी, त्यामागचा जलाशय यशवंतसागर. तसेच कोयनेचा शिवसागर, जायकवाडीचा नाथसागर.

आता ‘वजा’चे कोडे पाहू. टक्केवारी असते जलाशयातील पाण्याची, आणि तीही सगळ्या नव्हे. ठरावीक पातळीखालचे पाणी ‘मृत साठा’ धरतात; गाळासाठीही तेथे जागा सोडलेली असते. त्यावरचा तो ‘उपयुक्त साठा’. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला. उजनीत उपयुक्त साठा सुमारे ५४ टीएमसी, तर मृत साठा सुमारे ६४ टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.) जून २०२४ मध्ये पातळी जवळजवळ वजा ६० टक्क्यांवर गेली, म्हणजे ५४ च्या ६० टक्के, सुमारे ३२ टीएमसी पाणी मृत साठ्यातून गेले. कागदोपत्री तेवढेच तळाशी उरले. त्यातही काही भाग गाळाचा.

म्हणून ‘वजा’ ऐकून धरण कोरडे पडले असे मानणे चूक, आणि पाणी आहेच म्हणून निर्धास्त राहणेही चूक. सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी याच साठ्यावर अवलंबून आहे. पाऊस लांबला तर ‘राखून ठेवलेले’ हा शब्दार्थ तेथेच खरा ठरायचा असतो.