गोल्फचा हॅन्डिकॅप : कच्च्या आणि मुरलेल्या खेळाडूंचा सामना बरोबरीचा कसा होतो

लपंडावात धाकट्या भावंडाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळायला घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, पण त्याचे जिंकणेही कोणी मोजत नाही. गोल्फमधील हॅन्डिकॅप ही अशीच सवलत आहे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण हॅन्डिकॅपमुळे कच्च्या खेळाडूचा विजय खराखुरा विजय म्हणून मोजला जातो.

आपल्या मंडळींना हा खेळ अगदीच परका नाही. वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९३० च्या दशकात प्रतापसिंहराव गायकवाड यांनी युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फ कोर्स तयार करवून घेतला. १९९० च्या दशकात त्यांचे नातू समरजितसिंह यांनी त्याचे नूतनीकरण करून तो लोकांसाठी खुला केला. गोल्फचा नियम सोपा : १८ होल, आणि ज्याचे फटके कमी तो जिंकला. प्रत्येक होलला किती फटके अपेक्षित आहेत तो आकडा म्हणजे ‘पार’. पूर्ण कोर्सचा पार बहुधा ७२ च्या आसपास असतो. पट्टीचा खेळाडू तेवढ्यात फेरी संपवतो, हौशी माणसाला ९५-१०० फटके सहज लागतात. हे दोघे सरळ खेळले तर निकाल आधीच ठरलेला.

‘हॅन्डिकॅप’ हा शब्द मूळचा गोल्फचा नाही. इंग्लंडमध्ये वस्तूंच्या अदलाबदलीचा एक जुना खेळ होता. त्यात टोपीत हात घालून पैसे लावत आणि तिसरा माणूस दोन वस्तूंच्या किमतीतला फरक ठरवी. तिथून शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला. चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादायचे ही त्यातली युक्ती रेसकोर्सची माहिती असणाऱ्यांना ठाऊक असेल. गोल्फमध्ये वजनाऐवजी फटके वजा होतात.

२०२० पासून जगभर एकच जागतिक हॅन्डिकॅप पद्धत लागू होऊ लागली. त्याआधी वेगवेगळ्या देशांत सहा पद्धती होत्या. आता खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी काढतात. तिला हॅन्डिकॅप इंडेक्स म्हणतात आणि तिची कमाल मर्यादा ५४ आहे. मात्र कच्चे फटके मोजत नाहीत, कारण सगळे कोर्स सारखे कठीण नसतात. प्रत्येक कोर्सला दोन आकडे दिलेले असतात. ‘कोर्स रेटिंग’ म्हणजे निष्णात खेळाडूला तिथे लागणारे फटके. ‘स्लोप’ म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स त्या मानाने किती जास्त जड जातो याचे माप. ते ५५ ते १५५ असते आणि प्रमाण आकडा ११३. फटक्यांतून रेटिंग वजा करून ११३ ने गुणायचे आणि स्लोपने भागायचे. समजा, रेटिंग ७१.२ आणि स्लोप १३० असलेल्या कोर्सवर ९५ फटके लागले. उत्तर २०.७ येते. रेटिंग ६९ आणि स्लोप १०५ असलेल्या सोप्या कोर्सवर ८८ लागले तर २०.४. आकड्यांत सात फटक्यांचा फरक, पण खेळ जवळजवळ तोच!

आता प्रत्यक्ष सामना. त्या दिवसाच्या कोर्सवर पुतणीचा हॅन्डिकॅप ६ आणि काकांचा २० आहे असे धरू. फरक १४. होलवार सामन्यात काकांना १४ होलवर एकेक फटका माफ होतो. कोणते १४? कार्डावर प्रत्येक होलपुढे १ ते १८ असा अनुक्रमांक छापलेला असतो, त्यातले पहिले १४. अशा एखाद्या होलला पुतणीने ५ आणि काकांनी ६ फटके घेतले, तर तो बरोबरीत सुटतो. फरक २२ असता तर पहिल्या चार होलवर दोन-दोन फटके मिळाले असते.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. सरासरी सर्वोत्तम आठ फेऱ्यांचीच असल्याने हॅन्डिकॅप माणूस रोज कसा खेळतो हे सांगत नाही, तो चांगल्या दिवशी किती खेळू शकतो हे सांगतो. त्यामुळे फटके मिळाले म्हणून काकांनी निश्चिंत राहू नये. जिंकायचे तर त्यांनाही आपला चांगला खेळ करावाच लागतो. मला हे योग्यच वाटते. सरावाची किंमत शून्य करणारी बरोबरी कोणाला हवी?

सगळी मदार मात्र खऱ्या कार्डावर आहे. मुद्दाम वाईट खेळून हॅन्डिकॅप फुगवणारे आणि मग स्पर्धेत बक्षीस उचलणारे महाभाग सगळीकडे सापडतात. म्हणून पद्धतीतच काही बंध घातले आहेत. एका होलवर कितीही घोटाळा झाला तरी हिशेबात पार अधिक दोन अधिक मिळालेले माफीचे फटके, एवढेच धरतात. वर्षभरातील सर्वांत कमी इंडेक्सपेक्षा ३ ने वर गेल्यावर पुढची वाढ निम्मी होते आणि ५ च्या वर ती जाऊच शकत नाही. उलट, इंडेक्सपेक्षा ७ किंवा अधिकने सरस फेरी झाली तर इंडेक्स जादा कमी केला जातो. तरीही खरा पहारेकरी म्हणजे कार्डावर सही करणारा सोबतचा खेळाडू.

नवख्याला इंडेक्स मिळण्यासाठी ५४ होलची कार्डे पुरतात. ती १८ होलच्या तीन फेऱ्यांची असोत किंवा ९ होलच्या सहा, आपल्या क्लबमार्फत नोंदवायची.