चुकलेल्या उत्तराची कैफियत



मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही मुलांच्या विचारशक्तीविषयी बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण माझ्या स्वतःच्या चुकलेल्या उत्तरांत आहे.

1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील साचाखात्यात होते, मी अकरा वर्षांचा होतो. घर आईच्या भाजीच्या पाटीवर चालू लागले आणि शाळा सुटली की मीही तिच्याशेजारी बसू लागलो. साडेतीन रुपये किलोची वांगी कोणी अडीच किलो मागितली, तर 'दोन किलोचे सात, अर्ध्याचे पावणेदोन, झाले पावणेनऊ' असे म्हणून मी सुटे पैसे हातावर ठेवीत असे. तोच गुणाकार फळ्यावर आला की दशांशचिन्ह भलत्याच घरात जाऊन बसे. गुरुजींनी मला मठ्ठ ठरविले आणि मीही ते खरे मानले. आता प्रश्न असा, की खरा मुलगा कोणता? पाटीवरचा की फळ्यापुढचा?

या प्रश्नाचा इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळे साहाय्य देता यावे, म्हणून आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या मदतीने 1905 मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, ती वाढत नाही, हे मत बिने यांना मान्य नव्हते. शिक्षणाने ती वाढते असे ते आग्रहाने सांगत. पण पुढे त्यांच्याच मोजपट्टीने माणसांवर कायमचे शिक्के मारण्यात आले. या पट्टीवर मोजली जात ती बरोबर उत्तरे. चुकलेले उत्तर म्हणजे शून्य.

त्या शून्यात काहीतरी आहे, हे ओळखले जाँ पियाजे या स्विस तरुणाने. 1920 च्या सुमारास सिमाँ यांनी पॅरिसच्या मुलांवर काही चाचण्या तपासण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. पियाजेचे मन गुणांत रमेना. एका वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकतात, हे त्याच्या ध्यानी आले. मग तो मुलांशी बोलू लागला: तुला असे का वाटते? कसे काढलेस? 1921 मध्ये तो जिनिव्हाला गेला आणि 1980 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने हाच प्रश्न लावून धरला. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. ते आपल्या अनुभवातून जगाविषयी समजूत बांधते, ती मोडते आणि पुन्हा नवी बांधते, हा त्याचा सिद्धान्त.

त्याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या. दोन्हींत सारख्याच आहेत, असे मूल सांगते. मग त्याच्यादेखत एक रांग पसरून लांब करायची आणि पुन्हा विचारायचे. चार-पाच वर्षांची बहुतेक मुले म्हणतात, लांब रांगेत जास्त आहेत. पियाजेने यावरून अनुमान काढले, की संख्येची पक्की जाण अजून आलेली नाही.

परंतु 1974 च्या सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक लहानसा बदल केला. रांग मोठ्या माणसाने न विस्कटता एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने येऊन विस्कटली. आता कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले! डोनाल्डसन यांचे म्हणणे असे, की मूल केवळ शब्द ऐकत नाही, विचारणाऱ्याच्या मनात काय आहे तेही वाचते. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग हलवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर वेगळे उत्तर हवे असणार! मला याचे नवल वाटले नाही. खात्याच्या चौकशीत साहेबाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की कामगार घाबरून जबाब बदलतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि मग मला पाटीवरचा मुलगा भेटला, तोही ब्राझीलमध्ये. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि असलाच माल विकणाऱ्या, 9 ते 15 वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास तेरेझिन्या काराहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केला. अभ्यासक गिऱ्हाईक होऊन हिशोब विचारीत, तेव्हा 98 टक्के उत्तरे बरोबर आली. पुढे तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने, नुसत्या आकड्यांत घातली, तर बरोबर उत्तरे उरली 37 टक्के. 35 क्रुझेरोंचा एक, असे चार नारळ. 'तिघांचे 105, त्यात 30, 135... म्हणजे 140', असे एका विक्रेत्या मुलाने बरोबर सांगितले. त्याच मुलाने कागदावर 35 गुणिले 4 चे उत्तर लिहिले 200. चार पाचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच. पाच चोक वीस! हातचा आधीच मिळवून मग गुणले. ही चूक आहे, पण मठ्ठपणा नव्हे. अर्धवट कळलेला नियम त्याने इमानाने पाळला होता.

रस्त्यावरचे गणित पुरेसे आहे, असे मात्र कोणी समजू नये. भविष्यनिर्वाह निधीचे व्याज बोटांवर निघत नाही. ज्याला कागदावरचा हिशोब येत नाही, तो कागदावर फसविला जातो. शाळा हवीच; परंतु मूल जे घेऊन आले आहे, त्यावर तिने आपली भिंत उभारावी, ते पुसून टाकू नये.

शेवटी एक कबुली. माझा मुलगा तिसरीत असताना त्याची वजाबाकी चुकली, तेव्हा जो शब्द मी ऐकला होता तोच माझ्या तोंडून गेला. त्याने पाटी फिरवून ठेवली आणि बरेच दिवस मला काही विचारले नाही. पियाजे मी त्यानंतर वाचला. तो आधी वाचला असता तर, असे अजूनही वाटते. म्हणून आपणांस एवढीच विनंती करतो: आज घरी गेल्यावर मुलाचे उत्तर चुकलेले दिसले, तर लाल रेघ ओढण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसा आणि विचारा, 'बाळा, हे कसे काढलेस?' आणि मग त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्या.